पन्नास मिमी एफ १.८: स्वस्त लेन्सची उणीदुणी

घाटावरचा

गेल्या आठवड्यात तिघांनी खरडवहीत एकच प्रश्न टाकला: कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने घरात फोटो काळपट नाहीतर हललेले येतात, ती पन्नास मिमीची, झूम नसलेली स्वस्त लेन्स घेऊ का? तिघांना वेगवेगळं टंकत बसण्यापेक्षा धागा काढतो. नवख्यांसाठी: मिमीचा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

आधीच सांगतो, घेताना मी फसलो होतो. लेन्स वाईट नव्हती, मीच भलतं समजून घेतली. 'पन्नास म्हणजे डोळ्याला दिसतं तसं' असं कुठेतरी वाचलं होतं. लेन्स लावली, हॉलमध्ये आईचा उभ्याने फोटो काढायला गेलो आणि मागे सरकता सरकता पाठ शोकेसला टेकली. तरी आईचे पाय कापलेलेच.

माझी बॉडी कॅनन १५००डी, म्हणजे क्रॉप सेन्सर (चित्र टिपणारा भाग जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान), रुंदी २२.३ मिमी. त्यावर पन्नास लावून दहा फुटांवरून आडवा फोटो घेतला तर जेमतेम साडेचार फूट रुंदी आणि तीन फूट उंची मावते. साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल, तर कॅमेरा उभा धरूनही बारा फुटांहून जास्त मागे जावं लागतं. डोक्यावर थोडी हवा सोडायची असेल तर चौदा. आता आपापल्या हॉलची लांबी आठवा. प्लास्टिक, आवाज, बोके (मागचा धूसरपणा) यावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण माझ्या मते क्रॉपवर या लेन्सची सगळ्यात मोठी अडचण ही आहे.

आता उजवी बाजू. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरची १८-५५) ५५ वर नेली की ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येतो ते छिद्र, एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. समजा आरतीच्या वेळी तिथे आयएसओ (उजेड वाढवून घ्यायचा आकडा, वाढला की चित्र दाणेदार) ६४०० आणि शटर १/६० सेकंद मिळतोय. त्याच उजेडात पन्नास एफ २ वर ठेवली की आयएसओ १६०० आणि शटर १/१२५ मिळतो. तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). टाळ्या वाजवणारे हात थांबतात, आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा नॉईज दिसत नाही. दहा हजारांच्या आसपासच्या वस्तूने एवढा फरक पडतो, हे मला अजून नवल वाटतं.

पण एक गंमत आहे. किटच्या १८-५५ आयएसमध्ये हात हलण्याचा झटका सावरायची सोय असते, पन्नासमध्ये नाही. त्यामुळे देवघरातल्या मूर्तीचा फोटो किटने १/१५ वर हातात धरूनही बरा येतो. देव हलत नाहीत. पन्नासचा खरा फायदा हलणाऱ्या माणसांसाठी.

कॅननच्या या पन्नासच्या तीन पिढ्या. मी आधी जुनी दुसरी, 'टू', सेकंडहँड घेतली होती, आता तिसरी, एसटीएम आहे. १९८७ साली पहिली आली तिला धातूचा माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी कडी) आणि अंतर दाखवणारी खिडकी होती. १९९० च्या 'टू' मध्ये दोन्ही गेलं, माउंटसकट सगळं प्लास्टिक, वजन १३० ग्रॅम. फोकस करताना ती अशी घरघरते की झोपलेलं बाळ उठेल. २०१५ ला एसटीएम आली: माउंट पुन्हा धातूचा, ॲपर्चरच्या पात्या पाचाच्या सात झाल्या, आणि ४५ ऐवजी ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. भिंगांची मांडणी मात्र तीच, सहा भिंगं पाच गटांत. हे घराणं फार जुनं आहे, त्याचं मूळ झाइसच्या १८९६ च्या प्लॅनारपर्यंत जातं. स्वस्त असण्याचं कारणही तेच. नवीन शोधायचं काही उरलं नाही, मोठी किंवा विचित्र काच घडवावी लागत नाही आणि नग लाखांनी निघतात.

एफ १.८ वर चित्र थोडं दुधाळ येतं. पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळी झाक दिसते. २.८ ला बरीचशी जाते, आणि ४ ते ५.६ मध्ये ही लेन्स किटला लाजवते. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण पैसे मोजतो, तिथेच ती सगळ्यात कमजोर. सध्या एवढंच.

चिमण

शोकेसमधल्या बाहुल्या सुखरूप ना? रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

रोलवाला

'डोळ्याला दिसतं तसं' हे खोटं नाही रे बाबा, पण ते रोलच्या काळातलं. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४, तिचा कर्ण ४३ मिमी. त्याच्या जवळपासची लेन्स ती 'नॉर्मल', म्हणून पन्नास. माझा पेंटॅक्स के१००० आला तोच मुळी पन्नास एफ २ सकट. तेव्हा आजच्यासारखा किट झूम नव्हता, पन्नास हीच किट! चार-पाच वर्षं दुसरी लेन्स डोळ्यांनी पाहिली नव्हती. बारसं, मुंज, लग्न, घाटातला धबधबा, सगळं त्याच एका लेन्सने. आणि रोल ३६ चा, त्यामुळे आधी पाय हलायचे, मग बोट.

क्रॉप सेन्सरवर तीच लेन्स लावली की १.६ ने गुणायचं, ८० मिमीसारखी चौकट मिळते. लेन्स नॉर्मल राहिली नाही, तर ती चेहऱ्यांची झाली. त्यात वाईट काय? ८० ची चौकट भरायला तू माणसापासून पाच-सहा फूट लांब राहतोस, त्यामुळे नाक फुगत नाही. किट लेन्स १८ वर ठेवून तोंडाजवळ नेलीस तर सख्ख्या भावाचाही गणपती होतो. तेव्हा हॉलमध्ये उभं कुटुंब घ्यायचा हट्ट सोड, आईला खिडकीपाशी बसव आणि खांद्यापासून वरचा फोटो घे. मग सांग.

घाटावरचा

काका, मान्य. खिडकीपाशी बसवून घेतलेला फोटो आज आईच्या खोलीत फ्रेममध्ये आहे, तो याच लेन्सचा. पण विचारणाऱ्यांपैकी दोघांना घरातले समारंभ काढायचेत. त्यांना कुणी हे आधी सांगत नाही, म्हणून त्रागा.

निकॉनभक्त

निकॉनवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना, नाहीतर पैसे पाण्यात. आमच्यात स्वस्त पन्नास दोन आहेत. जुनी 'डी', जिच्यावर ॲपर्चरची रिंग असते, तिला स्वतःची मोटर नाही. ती डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीवर लावली तर ऑटोफोकस होत नाही, हाताने फिरवत बसा. दुकानदार हे सांगेलच असं नाही. २०११ ची 'जी' घ्या, तिच्यात मोटर आहे.

त्याहून बरं म्हणजे क्रॉपवाल्यांनी पन्नासच्या नादी न लागता ३५ मिमी एफ १.८ डीएक्स (निकॉनचं क्रॉप) घ्यावी. २००९ पासून आहे, २०० ग्रॅम. धागाकर्त्याच्या दहा फुटांत तिच्यात साडेसहा फूट रुंदी मावते. आजी, आजोबा आणि मधे नातू. कॅननने त्यांच्या क्रॉप डीएसएलआरसाठी असली ३५ एफ १.८ कधी काढलीच नाही. इथे आमचा पक्ष जिंकतो, हलकेच घ्या.

चिमण

आला, पक्ष आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कुडाळकर

मी ही लेन्स मुख्यतः दशावतारासाठी वापरतो, म्हणून चार शब्द. देवळासमोरचा मांड, समोर दोन हॅलोजन नाहीतर एलईडी, बाकी अंधार. फ्लॅश मारायचा प्रश्नच नाही, नट तंद्रीत असतो आणि मागे बसलेली म्हातारी माणसं 'रे, इजव ता' म्हणून ओरडतात. किट लेन्सने संकासुराचा नुसता काळा ठिपका यायचा. पन्नासने त्याची लांब लाल जीभ आणि अंगविक्षेप दोन्ही मिळतात. इथे क्रॉपचं ८० होणं पथ्यावर पडतं, कारण पुढच्या रांगेत मांडी घालून बसलं की नट दहा-पंधरा फुटांवर असतो, कमरेपासून वर बरोबर बसतो.

दोन गोष्टी ठेचा खाऊन शिकलो. एक, एफ १.८ वर राहायचं नाही. २.२ किंवा २.५ ठेवा, अर्धा ते एक स्टॉप जातो पण मुकुटाच्या चमकीला जांभळी किनार कमी येते. दोन, शटर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/२५० ठेवला की एक फोटो पिवळा, दुसरा हिरवट, तिसऱ्यात आडवा पट्टा. मला वाटलं लेन्सच बिघडली, दुकानात नेऊन दाखवली! १/१०० ठेवा, रंग जागेवर येतात. मग युद्धाच्या प्रसंगात तलवार हलते, ती हलू दे. तलवारच ती.

आणखी एक उणीव कुणी लिहिली नाही. अंधारात ही लेन्स शिकार करते. म्हणजे फोकस पुढे जातो, मागे येतो, परत पुढे, आणि तोवर रिद्धी-सिद्धी आत गेलेल्या असतात. १५००डीच्या नऊ फोकस बिंदूंत मधला एकच क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेघा ओळखणारा) आहे. अंधारात तोच वापरा आणि चेहऱ्यापेक्षा मुकुटाच्या कडेवर धरा, तिथे काळ्या-पांढऱ्याची रेघ ठळक मिळते.

घाटावरचा

मुकुटाच्या कडेची युक्ती झकास, वाचनखूण साठवली. दिव्यांच्या लुकलुकण्याचं माझ्याही लक्षात यायला वर्ष गेलं होतं.

मृण्मयी_क

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे २००डी आणि किट लेन्स आहे. लेक चौदा महिन्यांची, डोंबिवलीत वन बीएचके. मैत्रिणीने तिची पन्नास एसटीएम पंधरा दिवसांसाठी दिलीय. अडचण अशी की फोटो उजळ येतात, पण कान एकदम शार्प आणि डोळे सॉफ्ट. कधी कधी तर मागच्या सोफ्याची शिवण शार्प. लेन्स खराब आहे की मी?

घाटावरचा

मृण्मयीताई, दोघंही ठीक आहात. गणित बघा: तुमच्या कॅमेऱ्यावर पन्नास एफ १.८ ला, एक मीटरवरून, पुढेमागे मिळून अडीच-पावणेतीन सेंटीमीटर शार्प मिळतं. बाळाच्या डोळ्यापासून कानापर्यंत त्याहून जास्त अंतर असतं. त्यात ती रांगत असणार. तुम्ही फोकस धरलात आणि ती वीतभर पुढे आली, संपलं. दीड मीटर लांब जाऊन एफ ४ ठेवलंत तर तेच तेरा-चौदा सेंटीमीटर होतं, अख्खं डोकं मावतं. उजेड कमी पडेल, तेव्हा खिडकीच्या बाजूला खेळवा आणि आयएसओ बिनधास्त १६०० करा.

दुसरं, मधल्या बिंदूवर डोळा धरून मग कॅमेरा तिरका करून चौकट जुळवायची सवय असेल तर सोडा. एफ १.८ ला तेवढ्या वळण्यानेही फोकस निसटतो.

रोलवाला

यात एक भर. आरशातून बघून फोकस करताना कॅमेऱ्याचा फोकसचा सेन्सर वेगळा असतो आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांचं पटलं नाही की फोकस दरवेळी तेवढाच पुढे किंवा मागे पडतो. कमी उघडणाऱ्या लेन्सवर ते खपून जातं, १.८ वर उघडं पडतं. महागड्या बॉडीत ते जुळवायची सोय असते, २००डी किंवा १५००डीत नाही. पण मृण्मयी, तुझ्या २००डीत लाइव्ह व्ह्यूला (आरशाऐवजी पडद्यावर बघताना) ड्युअल पिक्सेल ही जलद फोकसची सोय आहे. पडद्यावर बघून, चेहरा ओळखायची सोय चालू करून काढ. तिथे फोकस चित्राच्या सेन्सरवरच ठरतो, भांडणच मिटतं. १५००डीवाल्यांना लाइव्ह व्ह्यू आहे पण गोगलगाय आहे, बाळ तोवर शाळेत जाईल.

पॅसिफिककाठचा

कॅननच्या मिररलेसवर (आरसा नसलेला कॅमेरा) गेल्यापासून हा त्रास विसरलोच. त्याच्या आरएफ माउंटची पन्नास एफ १.८ २०२० च्या शेवटी आली, वजन १६० ग्रॅमच, ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, आणि कॅमेरा स्वतःच डोळा पकडून ठेवतो. कडेची जांभळी झाक आणि कोपऱ्यातल्या मऊपणाची तक्रार मात्र इथेही आहे. घराणं तेच ना.

शुक्रतारा

थोडा विरोधी सूर. या लेन्सने फोटोग्राफी सोपी केली आणि सगळ्यांची एकसारखी केली. पालखी पुण्यात आली की फोटोंचा पूर येतो: सुरकुतलेला चेहरा, कपाळी बुक्का, डोळ्यात पाणी, मागे सगळं लोण्यासारखं धूसर. छान. पण वारी कुठाय त्यात? दिंडी नाही, पताका नाहीत, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया नाहीत, चिखल नाही. तो आजोबा स्टुडिओत बसवलेलाही असू शकतो. 'बोके काय भारी' या कौतुकाला तर मी आता हात जोडलेत. मला वाटतं नवशिक्याने पन्नास घेतली की पहिले सहा महिने २.८ च्या खाली जायला बंदी हवी.

घाटावरचा

लागलं, कारण माझे दोन वर्षांचे वारीचे फोटो हुबेहूब तसेच आहेत. पण दोष लेन्सला देऊ नका. एफ ८ ला हीच लेन्स दिवेघाटातली अख्खी रांग पताकांसकट कापून काढते, कोपऱ्यापर्यंत शार्प. आपण तिथवर जात नाही, कारण १.८ साठी पैसे दिलेले असतात ना.

शुक्रतारा

हे पटलं. एसी घेतला म्हणून थंडीतही लावायचा.

रोलवाला

आमच्या वेळी १.८ वर कुणी जायचंच नाही, रोल महाग. कार्तिए-ब्रेसाँ जन्मभर मुख्यतः पन्नासवर राहिला, त्याच्या फोटोंत मागचा रस्ता, भिंत, सायकल सगळं दिसतं. अवांतर झालं, थांबतो.

सड्यावरची

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते: ही लेन्स उलटी लावून बघा. बावन्न किंवा एकोणपन्नास मिमीची (लेन्सच्या तोंडाची रुंदी, आपल्या लेन्सच्या टोपणावर आकडा असतो) रिव्हर्स रिंग काही शे रुपयांत मिळते. लेन्सचं तोंड कॅमेऱ्याकडे, शेपूट फुलाकडे. 'सीतेची आसवं' नावाचं फूल पावसाळ्याच्या शेवटी कातळसड्यांवर हजारोंनी फुलतं, प्रत्येक फूल नखाएवढं. किटमध्ये निळा गालिचा दिसतो, उलट्या पन्नासमध्ये पाकळीवरच्या शिरा.

अडचणी भरपूर. ऑटोफोकस नाही, स्वतःच मुंगीच्या पावलाने पुढेमागे सरकायचं. कॅननची लेन्स उलटी केली की ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं, आणि मग शार्प भाग कागदाच्या जाडीएवढा. त्यावर युक्ती: लेन्स सरळ असताना एफ ८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्डचं (किती भाग शार्प येईल ते आधी बघायचं) बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढा. पात्या तिथेच अडकून राहतात. निकॉनच्या ज्या जुन्या 'डी'ला वर नावं ठेवली, ती इथे राणी आहे, ॲपर्चरची रिंग हातात असते. मागची उघडी काच धुळीपासून जपा.

आणि एक कळकळीची विनंती. कास किंवा कुठल्याही सड्यावर फोटोसाठी फुलांत झोपू नका. वाटेच्या कडेला जे आहे तेच काढा, तिथेही पुष्कळ असतं.

कुडाळकर

ताई, शेवटच्या परिच्छेदाला +१००.

आमच्याकडचा आणखी एक शत्रू म्हणजे बुरशी. जूनमध्ये लेन्स कपाटात ठेवली आणि दसऱ्याला काढली तर आत कोळ्याचं जाळं. लहान भिंगाची स्वस्त लेन्स, उघडून साफ करायला लेन्सच्या किमतीच्या जवळपास पैसे लागतात, आणि बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतोच. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद भाजून परत निळे करायचे. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, पीठ आत जातं. आणि मुख्य म्हणजे वापरा, उजेडात न्या.

चिमण

सेकंडहँड घेताना काय बघू? एक दोन हजारांत मिळतेय, 'टू'.

घाटावरचा

मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघ, जाळं किंवा धुकं दिसलं तर परत दे. अगदी जवळ आणि अगदी लांब, दोन्हीकडे फोकस करून बघ. हलवून खुळखुळतेय का ऐक. 'टू'चं तोंड फोकस करताना पुढे येतं, त्यावर धक्का बसला की आतलं गिअर दुखावतं. माझी ट्रेकिंगच्या सॅकमधून दगडावर पडली आणि सरळ दोन तुकडे झाले, पुढचा भाग एका हातात, मागचा दुसऱ्यात. चूक माझीच, चेन उघडी होती. आणि एफ १.८ ला मागचे दिवे गोल येतील, पण २.८ ला पंचकोनी. पाच पात्यांची खूण. आवडत असेल तर चालतंय.

मृण्मयी_क

मैत्रिणीची लेन्स परत करायच्या आधी काय करून बघू, म्हणजे घ्यायची का ते कळेल?

निकॉनभक्त

किट लेन्सच्या झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा. चार दिवस ५० वर, चार दिवस ३५ वर, चार दिवस २४ वर. कुठे घुसमट होतेय ते कळेल. आणि आत्तापर्यंतचे फोटो संगणकावर उघडून प्रत्येकाचा मिमी आकडा बघा, तिथे आपली खरी सवय दिसते.

घाटावरचा

पक्षभेद विसरून सहमत.

मृण्मयी_क

बारा दिवसांनी परत आले. ५० च्या चार दिवसांत मी बहुतेक वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. लेक जवळ आली की फक्त एक गाल. पण ती झोपलेली असताना खिडकीतून येणाऱ्या उजेडात काढलेले तीन फोटो असे आलेत की सासूबाईंनी लगेच गावी पाठवले. जुने फोटो बघितले तर निम्म्याहून जास्त १८ ते २८ मधले निघाले. म्हणून कॅननची २४ मिमी एफ २.८ घेतली, ती चपटी पॅनकेक. एफ १.८ नाही हे माहीत आहे, सव्वा स्टॉप गेला. पण आता तिचे पाय येतात, आणि ती ज्याच्या मागे धावतेय तो डबाही येतो. झोपेच्या फोटोंसाठी मैत्रिणीची पन्नास अधूनमधून मागून आणीन.

सड्यावरची ताई, हिच्या टोपणावर ५२ लिहिलंय. ती उलटी रिंग हिला चालेल का?

सड्यावरची

बसेल. पण २४ उलटी केली की पन्नासच्या दुपटीने मोठं दिसतं, नुसता श्वास घेतला तरी फोकस जातो. आधी मिठाच्या खड्यावर सराव करा, टेबलावर, कोपर टेकवून.